नाव खरवडलेली रेकॉर्ड

अहो वहिनी, कपडे वाळतील आपापले, जरा भिंतीपाशी या. एक भानगड सांगायची आहे. एका माणसानं रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावरचं सगळं खरवडून काढलं. गाण्याचं नाव, वाजवणाऱ्याचं नाव, कंपनीचं नाव, काही म्हणजे काही ठेवलं नाही. आणि मग त्या गाण्याला चक्क स्वतःचं नाव देऊन चारचौघांत वाजवायला लागला!

छे हो, आपल्या गल्लीतला नाही. किंग्स्टनचा. जमैका बेटावरचा. असं तोंड नका करू, लांबची माणसं असली म्हणून काय झालं? उलट बरंच की, आपण बोललेलं त्यांच्या कानावर जायची धास्ती नाही.

मला कुणी सांगितलं? आमचा भाचा. न्यूयॉर्कला क्वीन्समध्ये असतो ना, तोच. रेकॉर्डींचं वेड आहे त्याला. भाड्याच्या दोन खोल्या, त्यातली एक रेकॉर्डींनी अडवलेली, आणि त्याची बायको फोनवर माझ्यापाशी रडते. तिथल्या जमैका अव्हेन्यूवर जमैकन लोकांचं गाण्यांचं मोठं दुकान आहे, तिथं हा पडीक असतो. परवा किंग्स्टनलाही जाऊन आला. तासभर फोनवर सांगत होता. मी मुकाट्यानं ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे वहिनींना सांगितल्याशिवाय मला काही चैन पडायची नाही.

तर त्या नाव खरवडणाऱ्याचं नाव क्लेमेंट डॉड. पण तिथं त्याला कुणी क्लेमेंट म्हणत नसे, सगळे कॉक्सन म्हणत. का, माहीत आहे? शाळेत क्रिकेट बरं खेळायचा, आणि तेव्हा इंग्लंडात यॉर्कशरचा अ‍ॅलेक कॉक्सन म्हणून गोलंदाज होता, त्याचं नाव पोरांनी याला चिकटवलं. ते जन्मभर राहिलं. पुढे त्याच्यापुढे ‘सर’ लावलं ते यानं स्वतःच. तिकडे सगळेच असे, कुणी ड्यूक, कुणी प्रिन्स, कुणी किंग, कुणी काउंट. राजाराणीचं राज्य होतं ना इंग्रजांचं, १९६२ च्या ऑगस्टपर्यंत. मग म्हणाले असतील, पदव्या काय त्यांनीच वाटायच्या?

हां, भावजी आले वाटतं बाहेर. भावजी, तुम्हीही ऐका. किंग्स्टन म्हटल्यावर तुम्हाला सबायना पार्क आठवणार, ठाऊक आहे मला. १९७१ ची मॅच, आपले ७५ वर ५ बाद, आणि मग आपल्या मडगावच्या सरदेसाईंनी काढलेल्या २१२ धावा. वाडेकर कप्तान. गावसकर त्या मॅचला नव्हते, बोट दुखत होतं त्यांचं. मग पुढच्या चार मॅचमध्ये ७७४ केल्या, तेव्हा त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटरनं त्यांच्यावर गाणंच रचलं. बघा, तिथंही पुन्हा लॉर्ड! पण त्या मैदानाच्या आसपासच्या गल्ल्यांत काय चाललं होतं, ते आपल्याला कुठल्या पेपरानं सांगितलं? ते मी सांगते.

मुळात असं झालं, की दुसरं महायुद्ध संपल्यावर किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांतल्या लोकांना नाचायला हवं होतं आणि बँडवाले परवडत नव्हते. चांगले वादक होते ते हॉटेलांत गोऱ्या पाहुण्यांपुढे वाजवणार. रेडिओ होता, पण त्याचा थाट साहेबी, लोकांना हवी ती अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी त्यावर फारशी लागत नसत. रात्री हवा स्वच्छ असली की मायामी, न्यू ऑर्लीन्सकडची स्टेशनं खरखरत पकडायची, तेवढंच. मग काही दुकानदारांनी डोकं चालवलं. मोठा अ‍ॅम्प्लिफायर, कपाटाएवढे स्पीकर, एक रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, आणि मोकळं अंगण. याला ते साउंड सिस्टिम म्हणतात. त्यातला पहिला गाजलेला म्हणजे टॉम वाँग. चिनी बापाचा मुलगा, हार्डवेअरचं दुकान. आणि त्याला अ‍ॅम्प्लिफायर करून देणारा हेडली जोन्स हा युद्धात इंग्रजांच्या विमानदलात रडारचं काम करून आलेला. म्हणजे शत्रूची विमानं शोधायला शिकलेली विद्या नाचगाण्याच्या कामी आली. मला तर हा युद्धाचा सगळ्यात चांगला उपयोग वाटतो.

पैसे कशात मिळायचे म्हणता? तिकिटात थोडे. खरी कमाई दारूत. बिअर, रम, शिवाय रस्साभात. आता तुम्हीच हिशेब करा, ज्याचं दारूचं दुकान असेल त्याला साउंड सिस्टिम म्हणजे दुहेरी फायदा. तसाच निघाला एक, ड्यूक रीड.

या ड्यूकचं ऐका तुम्ही. दहा वर्षं पोलिसात होता. बायकोला लॉटरी लागली. हो, बायकोला! त्या पैशावर दोघांनी बाँड स्ट्रीटवर दारूचं दुकान घेतलं, ‘ट्रेझर आइल’ नावाचं. सामान वाहायला ट्रोजन कंपनीचा ट्रक, म्हणून लोक याला ‘ट्रोजन’ म्हणायला लागले. पुढे इंग्लंडात त्याच नावाची रेकॉर्ड कंपनी निघाली १९६८ साली. आणि हा माणूस नाचाच्या रात्री यायचा कसा? डोक्याला मुकुट, कमरेला पिस्तुलं, खांद्यावर काडतुसांचा पट्टा! गाणं आवडलं की हवेत गोळी. पुढे दुकानाच्या माडीवर लाकडी भिंतींचा स्टुडिओ केला, तिथंही पिस्तूल जवळच. गाणारी पोरं बेसूर होण्याची काय बिशाद! त्यांची काय अवस्था होत असेल, विचार करा. आणि इतकं असूनही त्या माडीवरून निघालेली गाणी कशी, तर लोण्यासारखी मऊ, असं भाचा म्हणतो. मलाही दोन ऐकवली त्यानं. खरंच की हो. पिस्तुलवाल्याच्या घरचं गाणं वाटणारच नाही.

तर आता ती भानगड. कॉक्सनच्या आईचं खाण्यापिण्याचं दुकान होतं, गिऱ्हाइकं यावीत म्हणून हा तिथं गाणी लावायचा. मग ऊस तोडायच्या कामाला अमेरिकेत गेला. आपल्याकडची टोळी कारखान्यावर जाते ना, तसं जमैकाची माणसं बोटीनं तिकडे जात. येताना यानं काय आणलं? रेकॉर्डी आणि वाजवायचं सामान. मग स्वतःची साउंड सिस्टिम काढली, आणि ड्यूकशी जुंपली.

जुंपली म्हणजे मारामाऱ्यासुद्धा. दुसऱ्याच्या नाचात माणसं घुसवायची, तारा तोडायच्या, स्पीकर फोडायचे. कॉक्सनकडे राखणीला एक बॉक्सिंग खेळणारा पोरगा होता, तोच पुढे प्रिन्स बस्टर म्हणून गाजला, आणि अर्थातच यालाच प्रतिस्पर्धी होऊन बसला. पण खरी लढाई गाण्यांची. बेट केवढंसं, गाणी बाहेरून येणार, आणि लोक चोखंदळ. ज्याच्याकडे दुसऱ्या कुणाकडे नसलेलं गाणं, त्याच्या अंगणात गर्दी. मग गाण्याचं नाव फुटू द्यायचं नाही! हे म्हणजे आपल्या थोरल्या जाऊबाई लोणच्याच्या मसाल्यात काय घालतात ते मरेपर्यंत सांगणार नाहीत, त्यातलंच. म्हणून ते खरवडणं.

विलिस जॅक्सन नावाच्या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याची एक रेकॉर्ड कॉक्सनच्या हाती लागली. नाव खरवडलं आणि म्हणाला, याचं नाव ‘कॉक्सन हॉप’. ती त्याची सलामीची धून झाली. लोक वेडे झाले. ड्यूकच्या पोटात दुखायला लागलं ते वर्षानुवर्षं दुखत राहिलं. अमेरिकेत माणसं पाठवली, दुकानं पालथी घातली, पण नावच माहीत नाही तर मागायचं काय दुकानदाराकडे? गुणगुणून दाखवायचं? आणि वहिनी, एकदाची ती मिळाली त्याला. एका रात्री नाचात, कॉक्सन समोर उभा असताना, ड्यूकनं ती लावली. प्रिन्स बस्टर तिथं होता, तो पुढे सांगायचा की कॉक्सनच्या हातातला पेला खाली पडला.

बिचारा कसला? मीपण आधी तसंच म्हटलं. पण भाचा म्हणाला, मावशी, दुसऱ्याच्या गाण्याला आपलं नाव देणाऱ्याची काय कीव करायची! तेही खरंच. आणि यात हात धुऊन घेणारे आणखी होते. ख्रिस ब्लॅकवेल म्हणून एक श्रीमंत घरचा गोरा जमैकन तरुण, त्यानंच पुढे बॉब मार्लेला जगभर नेलं. तो सुरुवातीला न्यूयॉर्कहून रेकॉर्डी आणायचा, नावं आधीच खरवडायचा आणि या साउंडवाल्यांना चढ्या भावानं विकायचा. म्हणजे माल तोच, फक्त त्याची ओळख पुसलेली, म्हणून किंमत जास्त. असला व्यापार तुम्ही कधी ऐकलात?

पण गंमत पुढेच आहे. पन्नासच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत गाण्याची चाल बदलली. रॉक अँड रोल आलं, आणि किंग्स्टनला हवी तशी झुलती गाणी तिकडे कमी व्हायला लागली. आता काय खरवडणार? तेव्हा या मंडळींनी ठरवलं, आपणच गाणी करू. गावात सोय होतीच, केन खूरी नावाच्या लेबनानी वंशाच्या माणसानं रेकॉर्डी छापायचा कारखाना घातला होता. पण सुरुवातीला गाणी विकण्यासाठी करत नव्हते हो! एकच प्रत काढायची, अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर मऊ लेप दिलेली. त्याला डबप्लेट म्हणतात. ती फक्त आपल्या नाचात वाजवायची. त्या लेपावर सुई फिरली की प्रत्येक वेळी तो झिजतो, काही दिवसांत आवाज चिरकतो. म्हणजे इतका खटाटोप कशासाठी, तर काही रात्री समोरच्या साउंडवाल्याची जिरवायला! मग लोकच विचारायला लागले, हे गाणं विकत कुठे मिळेल? तेव्हा कुठे यांच्या डोक्यात प्रकाश पडला की अरे, हे विकताही येतं.

माझं तर स्पष्ट मत झालंय वहिनी, त्या बेटावरचं सगळं संगीत जळफळाटातून उगवलंय. लोक उगाच म्हणतात, मत्सर वाईट. आपल्याकडे मत्सरातून भिंतीची उंची वाढते, दुसरं काय होतं? तिकडे गाण्याच्या नव्या तऱ्हा निघाल्या, स्का झालं, रॉकस्टेडी झालं, रेगे झालं. आणि जोडीला अमेरिकेहून आलेलं सोल.

सोल म्हणजे? सांगते ना. चर्चमध्ये गातात ना अमेरिकेतले काळे लोक, अगदी आतून, आर्त, तेच प्रेमाच्या गाण्यात आणलं की सोल. साठच्या दशकात जमैकाला या सोलचं खूळच लागलं. शिकागोचे ‘इम्प्रेशन्स’ म्हणून तिघं होते, कर्टिस मेफील्ड त्यांचा म्होरक्या, बारीक उंच आवाजात गाणारा. जमैकातला प्रत्येक पोरगा आरशापुढे कर्टिस व्हायचा. मार्लेसुद्धा. ड्यूकच्या माडीवर ‘टेक्निक्स’ नावाच्या पोरांनी इम्प्रेशन्सच्याच गाण्याचं ‘क्वीन मॅजेस्टी’ केलं १९६७ साली, आणि भाचा म्हणतो ते मुळापेक्षा सरस आहे. मला विचाराल तर असेलही, नसेलही, पण पहिल्या ओळीला माझ्या अंगावर काटा आला खरा. आणि कॉक्सनच्या वादकांनी स्वतःला काय नाव घ्यावं? ‘सोल ब्रदर्स’. मग ‘सोल व्हेंडर्स’. केन बूथ म्हणून गायक, त्याला अमेरिकेतल्या एका सोल गायकावरून जमैकाचा विल्सन पिकेट म्हणायचे. इतकं सोल, सोल, सोल! १९६६ च्या सुमाराला स्काची चाल संथ झाली, त्याचं नाव रॉकस्टेडी. म्हणतात की त्या साली उन्हाळाच इतका कडक होता की लोकांना जोरात नाचवेना. हे खरं मानायचं की नाही तुम्ही ठरवा, पण सांगलीच्या मे महिन्यात राहणाऱ्या बाईला ते पटायला हरकत नसावी.

कॉक्सननं १९६३ मध्ये ब्रेंटफर्ड रोडवर, जुन्या नाइटक्लबच्या जागेत, ‘स्टुडिओ वन’ घातला. रविवारी तिथं गायकांची परीक्षा. गावभरची पोरं फाटकापाशी. त्यातली कितीतरी पुढे जगप्रसिद्ध झाली, आणि जवळजवळ सगळ्यांची एकच तक्रार, पैसे नीट मिळाले नाहीत. एक एक जण सोडून गेला आणि जाताना टोमणा मारणारं गाणं करून गेला. ली पेरी नावाचा एक गायक तर कॉक्सनवर बोलला, मग ज्या निर्मात्याकडे गेला त्या जो गिब्ज्‌वरही बोलला, १९६८ ला, आणि तेही गाणं तुफान खपलं. भांडणाचंसुद्धा गाणं आणि त्याचेही पैसे! आपली भांडणं बघा, फुकटच जातात.

आणि एक पाहिलंत का? पुढे मिरवणारे सगळे पुरुष, मुकुट काय, पिस्तूल काय. पण ड्यूकचं दुकान आलं बायकोच्या लॉटरीतून, कॉक्सनचं बस्तान बसलं आईच्या दुकानात. ड्यूक आजारी पडल्यावर त्याच्या गाण्यांचा कारभार कुणी घेतला? सोनिया पॉटिंजर नावाच्या बाईनं. ती स्वतः गाणी काढणारी जमैकातली पहिली बाई. आणि चौथी तर आपल्याला नात्यातलीच म्हणा. पॅट्रिशिया चिन. तिचे वडील भारतीय वंशाचे, आई चिनी. मराठी नव्हे हो, तिकडे गेलेली आपली माणसं बहुतेक बिहार आणि उत्तर प्रदेशकडची, १८४५ पासून ऊसमळ्यांवर कामाला नेलेली. ही मुलगी परिचारिकेचं शिक्षण घेत होती, ते सोडून व्हिन्सेंट चिनशी लग्न केलं. हा काय करायचा, तर बारमधल्या नाणं टाकून वाजणाऱ्या यंत्रांतल्या जुन्या रेकॉर्डी बदलायचा. त्या उतरवलेल्या रेकॉर्डी टाकून द्यायच्या का? दोघांनी त्याच विकायला काढल्या. नवऱ्याची फिरती चालू, गल्ल्यावर बाई. नॉर्थ परेडवर ‘रँडीज’ दुकान, वर स्टुडिओ. ‘मिस पॅट’ म्हणून अख्खं गाव ओळखायचं तिला. मग सत्तरच्या दशकात जमैकात राजकीय मारामाऱ्या वाढल्या, कुटुंब न्यूयॉर्कला गेलं, आणि १९७९ मध्ये व्हीपी रेकॉर्ड्‌स काढली. व्ही व्हिन्सेंटचा, पी पॅटचा. भाचा पडीक असतो म्हटलं ना, ते हेच दुकान. म्हाताऱ्या बाईनं आठवणींचं पुस्तकही लिहिलंय. वापरलेल्या रेकॉर्डींवर एवढा संसार उभा केला, मी तर हात जोडले मनातल्या मनात.

थांबा, दूध बघून येते... हं, नाही गेलं उतू.

कुठे होते मी? हां, डीजेबद्दल सांगायचं राहिलंच. वहिनी, आपण ज्याला डीजे म्हणतो, रेकॉर्ड लावणारा, त्याला तिकडे सिलेक्टर म्हणतात. आणि डीजे म्हणजे माइक घेऊन गाण्यावर बोलणारा. गाणं चालू असताना मध्येच यमकं जुळवत, लोकांना चिथवत, चेष्टा करत. ते कसं जमलं, त्यालाही एक चूकच कारण आहे. रूडी रेडवुड म्हणून स्पॅनिश टाउनचा साउंडवाला ड्यूककडे डबप्लेट करून घ्यायला गेला. ‘पॅरागॉन्स’चं ‘ऑन द बीच’ गाणं. तिथल्या इंजिनियरकडून गाणाऱ्यांचे आवाज घालायचे राहिले, नुसतंच वाजप उमटलं. दुसरा कुणी म्हणाला असता, फेकून दे. हा म्हणाला, राहू दे. रात्री आधी गाणं लावलं, मग लगेच हे बिनआवाजाचं, तर समोरचे सगळे लोकच गायला लागले! मग काय, दर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला गाणाऱ्याशिवाय नुसतं संगीत द्यायची रीतच पडली. ‘व्हर्शन’ म्हणतात त्याला. एका खर्चात दोन बाजू, निर्मात्याचेही पैसे वाचले.

आणि त्या मोकळ्या जागेत बोलायला आले हे डीजे. यू-रॉय नावाचा एक, किंग टबीच्या साउंड सिस्टिमवर बोलायचा. टबी हा रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा कारागीर. वॉटरहाउस वस्तीतल्या आपल्या घरात बसून तो गाण्यातला आवाज मध्येच गायब करायचा, मध्येच घुमवायचा, ढोल एकटाच सोडायचा. आज सगळी दुनिया डब म्हणून ऐकते ते हे. १९७० साली यू-रॉयची तीन गाणी जमैकात एकाच वेळी पहिल्या तीन जागांवर होती, ड्यूकनं काढलेली, आणि ड्यूकच्याच जुन्या गाण्यांवर बोललेली. म्हणजे शिळ्याला फोडणी! पण अशी की ताज्याला मागे सारेल.

अजून एक सांगते आणि मग जाते. १९६७ मध्ये किंग्स्टनचा एक पोरगा आईबापांबरोबर न्यूयॉर्कच्या ब्राँक्सला गेला. क्लाइव्ह कॅम्पबेल. अंगानं धिप्पाड, म्हणून नाव पडलं कूल हर्क. १९७३ च्या ११ ऑगस्टला सेजविक अव्हेन्यूवरच्या इमारतीत बहिणीनं शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवायला नाच ठेवला, गाणी यानं लावली. जेम्स ब्राउनसारख्यांच्या सोल-फंकच्या रेकॉर्डी, आणि त्यातला ढोलाचा तुकडा पुन्हा पुन्हा. त्या रात्रीपासून हिप-हॉपचा जन्म मोजतात. आणि आता गंमत. या पोराला बापानं काय शिकवलं असेल? रेकॉर्डींची नावं लपव! म्हणून हा न्हाणीघरातल्या टबात रेकॉर्डी भिजत घालून वरचे कागद सोलून काढायचा. बघा, बेट सुटलं, देश सुटला, खोड सुटली नाही. फक्त खरवडायच्या ऐवजी भिजवणं आलं. अमेरिकेत गेल्यावर सुधारणा होतेच म्हणा.

काय म्हणता, हे सगळे मेले असतील आता? बरेचसे गेले. ड्यूक सत्तरच्या दशकातच गेला. टबीला १९८९ मध्ये घराबाहेर कुणीतरी गोळी घातली. यू-रॉय २०२१ ला गेला. कॉक्सनचं मात्र वाईट वाटलं मला. ब्रेंटफर्ड रोडला ‘स्टुडिओ वन बुलेव्हार्ड’ नाव दिलं, समारंभ झाला, आणि काही दिवसांत, ४ मे २००४ ला, स्टुडिओतच त्याचं हृदय बंद पडलं. जन्मभर दुसऱ्यांची नावं खरवडली, शेवटी रस्त्यावर पाटी लागली तीही स्टुडिओच्या नावाची.

पण नाच थांबले नाहीत हो. भाचा रे टाउनला गेला होता, बंदराजवळची कोळ्यांची वस्ती. रविवारी रात्री रस्त्यावरच जुनी गाणी लागतात, निम्मी अमेरिकन सोल, निम्मी रॉकस्टेडी. साठी उलटलेल्या बाया झकपक कपडे घालून जोडीनं नाचत होत्या म्हणे, आणि कुणी बघतंय का याची फिकीर नाही. तुम्ही हसा, पण मला हेवा वाटला. आपल्याला भजनाला टाळ्या वाजवताना सुद्धा पदर सावरायचा असतो. ‘मेरीटोन’ म्हणून एक साउंड तर १९५० पासूनचं, मोरांट बे गावच्या ब्लेक कुटुंबाचं, बापानं काढलं आणि मुलांनी चालवलं, सोलच्या गाण्यांसाठी नावाजलेलं. १९७२ ला निघालेलं ‘स्टोन लव्ह’ अजून आहे. तरुणांच्या नाचातही रात्र चढायच्या आधी सोलची गाणी लागतात, आणि पोरंसुद्धा ती ऐकून घेतात. म्हणजे आजीची गाणी नातवाला तोंडपाठ.

आवाजाचा त्रास तिकडे नाही का? आहे ना! इथल्या गणपतीत आपल्या खिडक्या थरथरतात, तसाच. कायदा आहे त्यांचा १९९७ चा, शुक्रवार-शनिवार रात्री दोनला बंद, इतर दिवशी बाराला. आपल्याकडे दहा. पाळतात किती, ते तिकडेही विचारू नका आणि इकडेही विचारू नका. पण एक फरक आहे आणि तो मी मंडळाच्या पोरांना तोंडावर सांगणार आहे. तिकडे समोरच्याकडे आहे तेच गाणं लावलं तर नाक कापलं जायचं. आपल्याकडे चौकात तीन डॉल्बी, आणि तिन्हीवर एकच गाणं! नुसता आवाज वाढवून जिंकता येतं हे किंग्स्टनमध्ये कुणी ऐकूनच घेतलं नसतं.

आता शेवटचं, आणि हे कामाचं. त्या जमैकन रेकॉर्डी आहेत ना, सात इंची, मधे मोठं भोक, खराब प्लॅस्टिकच्या, खरखरणाऱ्या, लेबल कधी उलटं चिकटवलेलं, कधी कोरंच, त्यांना तिथं बराच काळ कुणी विचारत नव्हतं. इंग्लंडचे आणि जपानचे शौकीन आले आणि पेट्याच्या पेट्या घेऊन गेले. आता खुद्द किंग्स्टनमध्ये चांगली जुनी रेकॉर्ड मिळणं मुश्कील. ऑरेंज स्ट्रीटवर एके काळी दारोदार रेकॉर्डींची दुकानं होती, प्रिन्स बस्टरचंही होतं, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. भाच्यानं दिवसभर धूळ खाल्ली तेव्हा दोन-चार मिळाल्या.

म्हणून म्हणते, तुमच्या सासऱ्यांची ती ट्रंक आहे ना माळ्यावर, फिएस्टा प्लेअरसकट? त्यात नाट्यगीतं असतील, भावगीतं असतील, कुण्या तमाशा कलावंताची छापून विसरलेली लावणी असेल. दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याला देणार असं भावजी परवा म्हणत होते, ऐकलंय मी. किलोवर घालू नका. एकेक काढून पुसा, लेबलावरची नावं वहीत उतरवून घ्या, गाणारा कोण, पेटीवर कोण, सगळं. आणि तरी द्यायचीच असेल, तर आधी मला हाक मारा.